लेसर-यंत्र घेण्यापूर्वी



घरातले एखादे स्टीलचे पातेले किंवा पितळी तांब्या हातात घ्या आणि त्याचा काठ जरा निरखून पाहा. बहुधा तिथे एक नाव सापडेल. आत्याने लग्नात दिलेला डबा, मामाने बारशाला दिलेली वाटी, त्यावर नाव, गाव आणि तारीख. भांड्यांच्या दुकानात एक कारागीर टकटक करणारे विजेचे यंत्र हातात धरून बसे आणि टिंबाटिंबांनी ही अक्षरे उठवी. तो अजूनही कुठे कुठे दिसतो. पण आता तालुक्याच्या गावीसुद्धा काही दुकानांत टेबलावर एक खांब, खांबाला एक पेटी आणि शेजारी संगणक असा थाट दिसतो. भांडे खाली ठेवायचे, कळ दाबायची, आणि काही सेकंदांत नाव तयार. हातही लागत नाही, आवाजही नाही. हा फायबर लेसर.

सोन्याच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांची एक बारीक खूण असते, ती आपण पाहिली असेल. ही खूण नसलेला हॉलमार्कचा दागिना विकायला १ एप्रिल २०२३ पासून मनाई आहे. तीही लेसरनेच उठवतात. कोल्हापूरच्या ओतशाळांतून, चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मोटारींच्या सुट्या भागांवर नंबर घालायला हेच यंत्र, आणि आता गंज, जुना रंग, वेल्डिंगची काजळी काढायलाही हेच. त्यामुळे आय.टी.आय. होऊन आलेली गावाकडची मुले विचारू लागली आहेत, "गुरुजी, असे एखादे यंत्र घेतले तर?" बँकेचे कर्ज, घरच्यांची जामीनकी, कधी जमिनीचा तुकडा तारण, असा तो मामला असतो. म्हणून आज या यंत्राच्या गाभ्याविषयी, कारखानदार ज्याला 'सोर्स' म्हणतात त्याच्याविषयी, बोलायचे आहे. बाकीचा सांगाडा, टेबल, संगणक, हे बदलता येते. सोर्स चुकला की पैसे गेले.

आधी हा सोर्स म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी चालवला. त्यात माणकाचा दांडा होता. त्याआधीच, १९५४ साली, आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवून दाखवले होते. काचेच्या तंतूत शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तन पावत वळणावळणांनी जातो. शिक्षकांनी वर्गात हे सहज दाखवावे. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ एक भोक पाडा, पाणी भरा, खोलीत अंधार करा आणि भोकासमोरच्या बाजूने विजेरी धरा. वाकून पडणाऱ्या धारेबरोबर उजेडही वाकतो, आणि धारेखाली हात धरला तर तळहात उजळतो. मुले ही गोष्ट विसरत नाहीत.

या दोन गोष्टींची सांगड १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांतच अमेरिकेतल्या एलायस स्निट्झर यांनी घातली आणि काचतंतूचाच लेसर केला. आजच्या मार्किंगच्या यंत्रात तंतूच्या गाभ्यात इटर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळलेले असते. (स्वीडनमध्ये इटर्बी नावाचे एक खेडे आहे. तिथल्या खाणीच्या खनिजावरून एक नव्हे, चार मूलद्रव्यांना त्या खेड्याचे नाव मिळाले. इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम. एका खेड्याच्या वाट्याला इतका मान क्वचितच आला असेल.) छोट्या डायोडांचा उजेड तंतूत सोडला की इटर्बियम तो पितो आणि सुमारे १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींच्या रूपाने परत देतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. एवढे मात्र मनात पक्के धरून ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता निवडीचा प्रश्न. दुकानदाराकडे गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारतात? "किती वॅटचा?" पंप घेताना आपण हॉर्सपॉवर विचारतो, तसाच. पंपाला तो प्रश्न शोभतो. लेसरला तो अपुरा आहे, आणि माझ्या मते बहुतेक चुकीच्या खरेद्या या एका प्रश्नापाशी सुरू होतात.

चिखलाने माखलेला बैल धुवायचा आहे असे समजा. बादलीभर पाणी बारीक धारेने पाच मिनिटे सोडले तर चिखल नुसता भिजतो. तेच बादलीभर पाणी एकदम फेकले तर चिखलाचे पोपडे उडतात. पाणी तेवढेच, पण फटका वेगळा. लेसरचेही असेच. २० वॅटचा मार्किंगचा सोर्स सतत पेटलेला नसतो. तो सेकंदाला, समजा, २०,००० ठोके देतो. या ठोक्याला 'पल्स' म्हणतात. २० वॅटचे २०,००० भाग केले म्हणजे एका ठोक्याच्या वाट्याला ज्यूलचा एक हजारांश येतो. ही तर फुंकरीएवढी शक्ती, असे आपण म्हणाल. पण तो ठोका टिकतो किती? १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा हिस्सा. तेवढ्या वेळात उजेडसुद्धा जेमतेम तीस मीटर जातो, शाळेच्या अंगणाएवढा. इतक्या थोड्या वेळात ती ऊर्जा ओतली की त्या क्षणापुरती शक्ती होते १०,००० वॅट! साडेसात हॉर्सपॉवरच्या दोन मोटारींच्या जवळपास, आणि तीही केसाहून बारीक ठिपक्यावर. धातू वितळत बसत नाही, जागच्या जागी वाफ होऊन उडतो.

तेव्हा वॅटच्या जोडीला दोन आकडे विचारायचे. एका ठोक्यात ऊर्जा किती, आणि ठोका किती वेळ टिकतो?

दुसऱ्या आकड्याचे मर्म घरच्या समईवर कळते. ज्योतीतून बोट झटकन फिरवले तर भाजत नाही, थांबवले तर फोड येतो. ठोका जितका लांब, तितकी उष्णता धातूत खोल उतरते. स्टेनलेस स्टीलमध्ये १०० नॅनोसेकंदांत ती सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढीच जाते. ठोका दहापट आखूड केला तर त्याच्याही तिसऱ्या हिश्शापर्यंत. पण हजारांश सेकंद टिकणारा ठोका दिला तर ती शंभर-सव्वाशे मायक्रॉन आत जाते, आणि पातळ पत्रा वाकतो, काळवंडतो.

बाजारात मार्किंगचे सोर्स मुख्यतः दोन जातींचे मिळतात. एकाला 'क्यू-स्विच' म्हणतात. त्यात बांधाला दार असते तसे दार असते. दार बंद असताना ऊर्जा साठते, उघडले की लोंढा बाहेर पडतो. लोंढा किती वेळ चालायचा हे बांधावर अवलंबून, आपल्या हातात फारसे नाही. बहुधा तो शंभरेक नॅनोसेकंदांचा. दुसऱ्याला 'मोपा' म्हणतात. यात आधी एक लहानसा डायोड आपल्याला हवा तेवढाच ठोका देतो आणि पुढचे तंतू तो वाढवतात. सभेत वक्ता हळू बोलतो आणि कर्णा त्याचे मोठे करतो, पण किती बोलायचे ते वक्त्याच्या हाती, तसे. त्यामुळे मोपामध्ये ठोका दोन-चार नॅनोसेकंदांपासून काहीशे नॅनोसेकंदांपर्यंत ठेवता येतो.

मग मोपाच घ्यावा का? तो महाग असतो, आणि विकणारा त्याच्या रंगांची जादू दाखवतो. स्टीलवर निळी, जांभळी, सोनेरी अक्षरे उठतात. तो रंग नव्हे बरे का. ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग दिसतात. दिसायला सुरेख, पण गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे देणार आहे का, हे आपण आपल्या गावात पाहावे. मोपाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमवर काळे अक्षर हवे असेल तर आखूड ठोके लागतात. साधा क्यू-स्विच तिथे पांढरट, करडी खूण देतो. पातळ पत्र्याचे, प्लॅस्टिकच्या कळांचे, विजेच्या उपकरणांचे काम असेल तर मोपा. भांडी, पाने, पक्कडी, लोखंडी फलक, जाड भाग, एवढेच असेल तर २० किंवा ३० वॅटचा क्यू-स्विच पुष्कळ झाला. खोल खोदकाम, साचे, ओतीव भागांवर पुढे रंग चढूनही वाचता यावेत असे नंबर, यांना ५० वॅट किंवा वर. कमी वॅटवरही ते होते, पण एका नगाला वेळ इतका लागतो की मजुरी परवडत नाही.

भांड्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियमच्या अदृश्य कातडीमुळे. अक्षर ठळक दिसावे म्हणून जोर लावून, जाळून काढले तर ती कातडी तेवढ्या रेघेत जाते. दुकानात अक्षर काळेभोर दिसते, आणि चार महिन्यांनी मिठाच्या बरणीवरच्या नावाला तांबेरा धरतो. गिऱ्हाईक मग भांड्याला नावे ठेवते, लेसरला नाही.

आता या दोन कामांतला, मार्किंग आणि सफाईतला, मोठा फरक. शेतकरी बंधूंना तो माझ्यापेक्षा लवकर कळेल. मार्किंग म्हणजे नांगर आणि सफाई म्हणजे कुळव. नांगराला अणकुचीदार फाळ लागतो, तो एका रेघेत खोल जातो. कुळवाची पास आडवी, सरळ. ती वरचे तण तेवढे खरवडते, खालची माती उलथत नाही. लेसरच्या झोताचेही असे दोन घाट असतात. एकात सगळा जोर मधोमध असतो आणि कडेला विरळ होत जातो. हा अगदी बारीक ठिपक्यावर एकवटतो. कागदावर त्याची खूण 'एम-स्क्वेअर' या नावाने दिलेली असते. तो आकडा एकाच्या जितका जवळ तितका झोत चांगला. मार्किंगला दीडच्या आत असावा. दुसऱ्या घाटात जोर सगळीकडे सारखा पसरलेला असतो, सपाट. सफाईला हा बरा. टोकदार झोताने गंज काढायला गेले तर मध्ये धातूला ओरखडे पडतात आणि कडेला गंज तसाच राहतो. एकच यंत्र दोन्ही कामे तितक्याच उत्तम रीतीने करील असे कोणी सांगितले, तर नांगराने कोळपणी करून दाखव म्हणावे.

जाता जाता, लेन्सचे. मोठी परात एका दमात मार्क व्हावी म्हणून मोठी लेन्स घेतात. १६० मिलिमीटरच्या लेन्सखाली सुमारे ११ सेंटिमीटरचा चौकोन येतो, २५४च्या लेन्सखाली सुमारे साडेसतरा. पण मोठ्या लेन्सने ठिपकाही मोठा होतो, त्याचे क्षेत्रफळ अडीच पट, आणि फटका तितकाच पातळ. मग "यंत्र कमजोर निघाले" ही तक्रार येते. यंत्र तेच असते.

सफाईचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९६५च्या सुमारास आर्थर शॉलो या अमेरिकन शास्त्रज्ञाने लेसरचे खोडरबर करून दाखवले. टंकलेखन यंत्राने उमटलेले अक्षर लेसरच्या एका ठोक्यात उडाले आणि खालचा कागद शाबूत राहिला. १९७२ मध्ये जॉन ॲस्मस हे अमेरिकेतले दुसरे एक शास्त्रज्ञ इटलीतल्या व्हेनिस शहरी गेले होते. तिथल्या संगमरवरी शिल्पांवर धुराची काळी पुटे चढली होती. लेसरने ती पुटे निघाली आणि दगड पांढरा राहिला. यातले रहस्य शाळेतल्या भिंगाने समजते. पांढऱ्या कागदावर शाईचा काळा ठिपका द्या आणि भिंगाने ऊन त्यावर एकवटा. ठिपक्यावर आधी धूर येतो, शेजारचा पांढरा कागद बराच वेळ दम धरतो. (मुलांना भिंगातून सूर्याकडे पाहू देऊ नका.) काळे पुट उजेड पिते, पांढरा दगड परतवतो. पुट संपले की काम आपोआप थांबते. गंज आणि लोखंड यांचेही थोडेफार असेच आहे. गंज उजेड अधिक पितो आणि कमी फटक्यात उडतो, चकचकीत लोखंड बराचसा उजेड परतवते. सफाईचा सोर्स निवडणे म्हणजे या दोहोंच्या मधली जागा पकडणे. गंज उडेल एवढा फटका, पण लोखंड उडेल एवढा नाही.

इथेच आपल्याकडच्या उत्साही तरुण मंडळांना थांबवावेसे वाटते. "लेसरने देवळे स्वच्छ होतात" असे ऐकून कोणी गावच्या मंदिरातली मूर्ती, वेशीवरचा वीरगळ साफ करायला निघेल. व्हेनिसचा दगड पांढरा होता. आपला दगड बहुधा काळा, बेसॉल्टचा. तिथे पुटही काळे आणि दगडही काळा. थांबायचे कुठे हे लेसरला कळत नाही. शिलालेखाचे अक्षर एकदा उडाले की ते परत कोण आणणार? आणि मूर्तीवर शेंदराचे थरावर थर असतात. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. त्याची लेसरने वाफ केली तर शिसे हवेत येते आणि उभा राहिलेल्यांच्या फुप्फुसांत जाते. जुन्या तैलरंगांतही शिसे असू शकते. ही कामे पुरातत्त्व खात्याच्या माणसांवर सोपवावीत.

सफाईच्या यंत्रातही दोन जाती आहेत आणि इथे वॅटचा मोह सर्वांत महागात पडतो. एक यंत्र १५०० वॅटचे आणि दुसरे २०० वॅटचे, आणि २०० वॅटचे महाग! हे कसे? पहिला झोत अखंड असतो, ठोके नाहीत. १५०० वॅट म्हणजे १५०० वॅटच. दुसरा सोर्स सेकंदाला समजा ४०,००० ठोके देतो, प्रत्येक ठोक्यात पाच हजारांश ज्यूल, १०० नॅनोसेकंदांत. हिशेब केला तर क्षणापुरती शक्ती ५०,००० वॅट, आणि तरीही खालचा पत्रा हाताला लागण्याइतकाही तापत नाही. अखंड झोत गंज जाळतो खरा, पण धातूलाही भाजतो. जाड गर्डर, जहाजाचे पत्रे, मोठ्या टाक्या, अशा राकट कामाला ते चालते आणि झपाट्याने होते. ओतशाळेचे साचे, टायरचे साचे, पातळ पत्रे, यंत्राचे मापात घासलेले भाग यांना अखंड झोत लावणे म्हणजे नुकसान.

समजा, सांगलीच्या बाजूच्या एका तरुणाने वेल्डिंग, कटिंग आणि सफाई असे 'तीन कामे एकात' करणारे अखंड झोताचे यंत्र कर्जाने घेतले, आणि आशा धरली ती साच्यांच्या सफाईच्या कंत्राटाची. पहिल्याच साच्याचा पृष्ठभाग निळा पडला तर कारखाना साच्याची किंमत मागणार. यंत्र वाईट नव्हे. त्यावर तो उत्तम वेल्डिंग करील. पण ज्या कामाच्या भरवशावर हप्ते ठरवले ते काम त्या सोर्सचे नव्हेच.

आणि शेतीच्या अवजारांचा गंज काढायला लेसर हवा का, असे कोणी विचारील तर माझे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. फाळाचा गंज पहिल्या तासात मातीच काढते. ट्रेलर रंगवायचा असेल तर तारेचा ब्रश आणि ग्राइंडर पुरे. वाळूच्या फवाऱ्याने गंज काढणाऱ्या मजुरांना धुळीने फुप्फुसाचा रोग जडतो, तिथे लेसरची बाजू खरोखर बळकट आहे. कोकणातल्या मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लेसरने उघडे पडलेले लोखंड दमट हवेत संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल दिसू लागते. प्राइमर त्याच दिवशी मारायला हवा.

काय जमत नाही तेही ऐका. लाकडी पोळपाटावर, काचेवर, पारदर्शक प्लॅस्टिकवर या फायबर लेसरचे काम नीट उठत नाही. त्याला कार्बन डायऑक्साइडचा, दहापट लांब लहरींचा लेसर लागतो. पीव्हीसीवर कोणताच चालवू नये, विषारी आम्लाची वाफ निघते. तांबे आणि पितळ यांवर खूण उठते, पण ते पुष्कळसा उजेड आल्या वाटेने परत पाठवतात, आणि तो सोर्समध्ये शिरला तर सोर्सच जळतो. समया, घंगाळी, ताम्हणे यांचे काम असेल तर सोर्सच्या तोंडाशी 'आयसोलेटर' आहे ना, हे लेखी घ्या. तो उजेडाला एकाच दिशेने जाऊ देतो.

आता डोळ्यांविषयी. हे मी घाईत सांगणार नाही.

हा प्रकाश दिसत नाही असे मघाशी म्हटले. यंत्राखाली जो लाल ठिपका नाचताना दिसतो तो नुसता जागा दाखवणारा दिवा आहे. खरा झोत अदृश्य. पण डोळ्याचे भिंग त्याला अडवत नाही. उलट, दिसणाऱ्या उजेडासारखेच त्याला गोळा करून मागच्या पडद्यावर एकवटते. प्रखर उजेड पडला तर आपण पापणी मिटतो. इथे काही दिसतच नाही, तर पापणी मिटणार कशी? आणि डोळ्याच्या पडद्याला वेदनाही कळत नाहीत. माणसाला समजते ते नजरेत मधोमध काळा डाग आल्यावर, आणि तो डाग जन्मभर राहू शकतो. धोका सरळ झोताचाच असतो असेही नाही. चकचकीत पातेल्यावरून उडालेली तिरीप पुरते.

यावर उपाय आहेत. मार्किंगचे यंत्र शक्यतो बंद पेटीचे घ्यावे, दार उघडले की झोत आपोआप बंद होणारे. उघडे यंत्र चार पैशांनी स्वस्त मिळते. ते चार पैसे वाचवू नयेत. चष्मा १०६४ नॅनोमीटरसाठीच केलेला हवा, आणि त्यावर 'ओ.डी.' हा आकडा छापलेला हवा. ओ.डी. ६ म्हणजे दहा लाख भागांतला एकच भाग आत येतो. वेल्डिंगची काच, उन्हाचा काळा चष्मा, यंत्राबरोबर फुकट आलेला बिनछापाचा हिरवा चष्मा, यांवर भरवसा ठेवू नये. सफाईची बंदूक हातात धरून चालवायची असते, तिला पेटी नाही. ती चालवणाऱ्याने चष्मा घातला तरी बघे असतात. गावातली कार्यशाळा रस्त्यावर उघडी असते, शाळा सुटली की मुले दारात गोळा होतात, आणि ठिणग्या पाहायला त्यांना फार आवडते. ती मुले दहा-वीस पावलांवर असली म्हणजे सुरक्षित, असे मुळीच नाही. सफाईसाठी वेगळी खोली, बंद दार, लेसर अडवणारा पडदा, यांचा खर्च कर्जाच्या अर्जातच धरावा. शिक्षकांनी आपल्या गावात असे यंत्र आले असेल तर मुलांना हे आठवडाभराच्या आत सांगावे. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि गाळणीही हवी. जस्ताच्या, क्रोमच्या मुलाम्याची वाफ उदबत्तीचा धूर नव्हे.

विजेचे फारसे अवघड नाही. २० वॅटचे मार्किंग यंत्र घरच्या मिक्सरएवढी वीज घेते. दाब मात्र स्थिर हवा आणि अर्थिंग खरोखरीचे हवे, खिळा ठोकून काढलेले नव्हे. हवेने थंड होणाऱ्या पुष्कळ सोर्सच्या कागदावर ४० अंशांपर्यंतची मर्यादा असते. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ती सकाळी दहालाच ओलांडते, तेव्हा खोली थंड ठेवण्याची सोय धरावी. सफाईचे मोठे सोर्स पाण्याने थंड करतात. कोकणात पावसाळ्यात पाणी फार थंड ठेवले तर गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसा आत काचेवर घाम येतो, आणि काच जळते.

जाहिरातीत आयुष्य १,००,००० तास छापलेले असते. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ती एकेचाळीस वर्षे झाली! आपण हमीपत्राची वर्षे मोजा, ती बहुधा एक, दोन किंवा तीन असतात. यंत्र विकणारा आणि सोर्स बनवणारा हे सहसा वेगळे असतात. तेव्हा सोर्सवरची पट्टी स्वतः वाचा, बनवणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्या. बिघडला तर दुरुस्ती देशात होते का, तोवर बदली सोर्स मिळतो का, वाहतुकीचा खर्च कोणाचा, हेही त्याच पावतीवर.

आणि पसंत करण्याआधी आपल्याच कामाचे नमुने घेऊन जा. काही महिने जवळच्या एम.आय.डी.सी.त मजुरीने काम करून घेऊन पाहिलेत तर फारच उत्तम; कोणते काम किती येते ते तेवढ्यात कळते. विकणाऱ्याकडे त्याचे नेहमीचे चकचकीत पत्र्याचे तुकडे तयार असतात, त्यांवर सगळेच छान उठते. आपला नग ठेवायला सांगा. घड्याळ लावून एका नगाचे सेकंद मोजा. चौकोनी कोड असेल तर साध्या फोनने वाचून पाहा. भांड्याचा नमुना घरी आणून मिठाच्या पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवा आणि अक्षरावर तांबेरा येतो का पाहा. सफाईचे नमुने मात्र घासून-पुसून नेऊ नका. कामाला येतात तसेच न्या, तेलकट, गंजलेले, रंगाचे पोपडे लोंबणारे.